अ‍ॅक्सोलॉटलचं पाणी

रात्री जेवणं आटोपल्यावर फोन येतात. पलीकडचा आवाज घाबरलेला असतो. "दादा, दोन दिवस झाले, काही खात नाहीये. पण पाणी एकदम स्वच्छ आहे हं, कालच सगळंच्या सगळं बदललंय." मी विचारतो, फिल्टर? "तोही नळाखाली धुतला, अगदी घासून." एवढं ऐकलं की बरंचसं समजतं. मग दोनच प्रश्न उरतात. डोक्याच्या बाजूचे झुबकेदार कल्ले पुढे, तोंडाच्या दिशेने वळलेत का? शेपटीचं टोक मुडपलंय का? हो म्हणाले की मी सांगतो, आत्ताच्या आत्ता एक मोठा टब घ्या, क्लोरीन काढलेलं आणि टँकइतक्याच तापमानाचं पाणी भरा, त्याला त्यात ठेवा, वर ओला पंचा टाका आणि टँकला हात लावू नका. यातलं शेवटचं सांगणं लोकांना सगळ्यात जड जातं.

पुण्यात लोकांचे फिशटँक सांभाळणं हे माझं काम. दवाखान्यांतले, हॉटेलांतले, बंगल्यांतले, दोन खोल्यांच्या घरातले. गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांच्यात निम्मं आयुष्य गेलं. अ‍ॅक्सोलॉटल फार उशिरा आला आणि पाणी म्हणजे काय हे त्याच्यामुळे मला नव्याने शिकावं लागलं. मासे बरंच निभावून नेतात. चुकलं तर रंग उतरतो, भूक मंदावते, आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो. अ‍ॅक्सोलॉटल हा उभयचर, त्याला खवले नाहीत. कातडी उघडी आणि मऊ, कल्ले शरीराबाहेर, श्वासाचा काही भाग कातडीतूनच. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात जातं. आणि इतक्या वर्षांत मी जे अ‍ॅक्सोलॉटल दगावलेले पाहिले, त्यांतले बहुतेक फार माया असलेल्या घरांतले होते. माया होती, ती घाईत होती.

हा प्राणी आपल्याकडे आला तो मुलांच्या हट्टामुळे. २०२१ साली माइनक्राफ्ट या खेळात अ‍ॅक्सोलॉटल आला आणि त्यानंतर शाळकरी पोरांच्या तोंडी हे नाव बसलं. तोपर्यंत माझ्याकडे क्वचित कोणी विचारत असे; मग दर वाढदिवसाच्या आसपास पालकांची चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी मेक्सिकोने आपल्या ५० पेसोंच्या नोटेवरही त्याला बसवलं. तिथे तो मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्को या तलावाच्या कालव्यांतला. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, थंड, सावकाश वाहणारं पाणी. आज तिथेच तो नामशेष व्हायला आलेला आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळांत, घरांत मात्र त्याची पैदास चालू आहे. १८६४ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात ३४ अ‍ॅक्सोलॉटल पोचले. आज पाळले जाणाऱ्यांतल्या बहुतेकांचं कूळ त्या मूठभर प्राण्यांपर्यंत मागे जातं. म्हणजे दीडशे वर्षं तो माणसाच्या भांड्यांत जगतोय. तरी त्याचं शरीर त्या थंड तलावाचंच राहिलं आहे. १६ ते १८ अंश त्याला मानवतं. २२च्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो, २४च्या पुढे मी झोपू शकत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये बंद घरातला टँक सहज ३० ओलांडतो.

कोणी घ्यायचं म्हटलं की मी कायद्याचंही सांगतो, कारण दुकानात ते फारसं कोणी सांगत नाही. अ‍ॅक्सोलॉटल वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२४च्या नियमांप्रमाणे अशा जिवंत प्राण्यांची नोंद सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. कुठून आणला याचा कागद हवा. कागद नाही तर प्राणी नको, हे मी स्पष्ट सांगतो.

कोथरूडच्या एका घरातली गोष्ट सांगतो, कारण तिथे मला या कामाची सगळी गोम एका ठिकाणी दिसली. नातीच्या वाढदिवसाला टँक, रंगीत खडे, फिल्टर आणि अ‍ॅक्सोलॉटल, सगळं एकाच संध्याकाळी घरी आलं. पहिला आठवडा बरा गेला. मग पाणी किंचित धुरकट झालं, तो खाईना. घरातल्या आजींनी कंबर कसली. रोज सकाळी पूजेआधी टँक रिकामा, खडे धुतलेले, फिल्टरचा स्पंज पिळून वाळत घातलेला, नळाचं ताजं पाणी भरलेलं. टँक लखलखीत. आणि आत तो प्राणी दिवसेंदिवस खंगत चाललेला. आजी मला म्हणाल्या, "अहो, देवघरापेक्षा जास्त स्वच्छता ठेवते मी याची." खोटं नव्हतं ते.

मी त्यांच्यासमोर काचेच्या नळीत पाणी घेतलं. अमोनियाच्या चाचणीत दोन बाटल्या असतात, दोन्हींचे थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य. हिरवं झालं तर अमोनिया आहे, आणि जितकं गडद हिरवं तितका जास्त. आजींच्या त्या लखलखीत पाण्याची नळी पोपटी झाली. नात म्हणाली, "पण हे तर सकाळचंच पाणी आहे." हो, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या प्राण्याने त्यात श्वास घेतला होता, विष्ठा टाकली होती. मांसाहारी प्राणी, सगळा आहार प्रथिनांचा. त्यातला नायट्रोजन कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि एवढ्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही.

तलावात हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. काही त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते काढून घेतं. नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, पृष्ठभागांना चिकटून राहतात: स्पंजला, काचेला, खड्यांना. त्यांची वाढ इतकी सावकाश की नवा टँक तयार व्हायला चार ते आठ आठवडे लागतात, कधी जास्त. आजी रोज सकाळी नेमकं तेच धुऊन काढत होत्या, आणि जे काही उरत होतं त्याला नळातलं क्लोरीन संपवत होतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं असं सांगितलेलं आहे. जंतू मारणं हेच त्याचं काम, आणि ते आपल्या भल्यासाठीच. टँकमध्येही ते तेच करतं, शिवाय उघड्या कल्ल्यांना भाजतं.

तिथून पुढे मी एक पद्धत पक्की केली. प्राणी वेगळा, टँक वेगळा. प्राण्याला झाकणाच्या प्लास्टिकच्या टबात ठेवायचं आणि रोज सगळंच्या सगळं पाणी बदलायचं, क्लोरीन काढून, तापमान जुळवून. टबात फिल्टर नाही, खडे नाहीत, लपायला एक मातीचं कुंडं आडवं. तिथे रोजची स्वच्छता बरोबर आहे, कारण तिथे आपण जिवाणूंच्या भरवशावर नाही. टँकमध्ये मात्र पाणी भरून, फिल्टर चालू करून, रिकाम्याच टँकला अमोनिया खायला घालायचा. आजींचं घर शाकाहारी. बरेच जण कोळंबीचा तुकडा टाकून तो सडू देतात, पण तो वास त्या घरात चालणार नव्हता. मी नवसागर आणला. आजींनी पुडी हातात घेतली आणि म्हणाल्या, "नवसागर? कल्हईवाला भांड्यात टाकायचा तो? पांढरा धूर निघायचा." तोच. रसायनशास्त्रात अमोनियम क्लोराइड. फक्त कल्हईचा नाही, प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून आणलेला शुद्ध. शंभर लिटर पाण्याला सहाशे-साडेसहाशे मिलिग्रॅम टाकला की लिटरला दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. एवढा टाकायचा आणि तो खाली येण्याची वाट बघायची.

वाट बघणं आजींना जमलं. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानावर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, त्या रोज तीन आकडे लिहायच्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. पहिले कितीतरी दिवस काहीच हललं नाही. मग एका सकाळी अमोनिया उतरला आणि नायट्राइटची नळी जांभळी झाली, त्यांचा फोन आला, "अहो, हे नवीनच काहीतरी चढलंय." बरोबर चाललंय, म्हटलं. त्यानंतर नायट्राइटही उतरलं. टाकलेला नवसागर एका दिवसात पुरता पचून नुसतं नायट्रेट शिल्लक राहू लागलं, तेव्हा मोठा पाणीबदल करून आम्ही त्याला टबातून टँकमध्ये सोडलं. खडे तोवर काढून टाकले होते. तो तोंड उघडून अन्नासोबत जे येईल ते ओढून घेतो, खडासुद्धा, आणि तो खडा आतड्यात अडकतो. बारीक वाळू किंवा उघडा तळ बरा.

चाचणीच्या बाबतीत एक बारकावा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नायट्रेटच्या चाचणीतली दुसरी बाटली नुसती उलटी करून थेंब टाकले तर आकडा खोटा येतो, जवळजवळ नेहमी कमी. तिच्यातलं रसायन तळाशी बसतं. बाटली अर्धा मिनिट जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट, मग पाच मिनिटं थांबून पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात रंग बघायचा. मी कित्येक घरांत "नायट्रेट पाच" ऐकलं आहे आणि बाटली हलवून पाहिल्यावर लाल रंग ऐंशीला टेकलेला पाहिला आहे. कागदी पट्ट्या मी वापरत नाही.

आता पुण्याच्या पाण्याबद्दल. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला या धरणांचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, बेसॉल्टवरून वाहत आलेलं. मऊ. डाळ चांगली शिजते, साबणाला फेस येतो. पण त्यात क्षार कमी, आणि विशेषतः आम्ल पचवून पीएच जागेवर ठेवणारे कार्बोनेट कमी. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचायला कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅमच्या वर क्षारता खर्ची पडते. मऊ पाण्याच्या टँकमध्ये ही शिल्लक हळूहळू संपते. वरून सगळं छान दिसत असतं. ती संपली की पीएच घसरायला लागतो, सहाच्याही खाली जातो, आणि मग अमोनिया पचवणारे जिवाणूच काम थांबवतात.

बाणेरच्या एका जोडप्याकडे दीड-दोन वर्षांचा धष्टपुष्ट अ‍ॅक्सोलॉटल होता. टँक मी लावलेला नव्हता, पण त्यांचा दुसरा, माशांचा टँक माझ्याकडे असल्याने तो मला माहीत होता. दोघेही नोकरदार, प्राण्यावर जीव. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की चाचण्या मागे पडल्या. उडालेलं पाणी तेवढं वरून भरायचे. एका रविवारी त्यांनी ठरवलं, आज निवांतपणे नीट स्वच्छ करू. अर्धं पाणी काढलं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, सोसायटीत टँकर आला होता, बोअरचं जड पाणी. क्लोरीन काढायचं औषध घातलं, तापमान हाताने बघितलं, भरलं. त्यांच्या परीने सगळं रीतसर. तासाभरात तो टँकभर धडका मारायला लागला. रात्री मी पोचलो तेव्हा तो तळाशी उताणा होता.

जुनं पाणी त्यांनी फेकलेलं नव्हतं. गॅलरीतल्या झाडांना घालायला दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. मी त्या बादलीतलं पाणी तपासलं. पीएचचा रंग पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या पिवळ्यावर. अमोनियाची नळी गडद हिरवी, पट्टीवरच्या शेवटच्या रंगाची. म्हणजे कितीतरी आठवडे तो प्राणी अमोनियाने भरलेल्या पाण्यात राहत होता आणि खातपीत होता. कसा? अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात राहतो, तो कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही. पीएच चढला की त्याचा वाढता भाग मुक्त अमोनिया होतो, आणि खरं विष ते. २५ अंशांवर पीएच ७ असेल तर शेकडा अर्ध्याच्या आसपास, ८ झाला की शेकडा पाचाच्या वर. पीएच ६ ते ८ या वाटेवर तो जवळपास शंभर पटीने वाढतो. टँकरच्या क्षारयुक्त पाण्याने काही मिनिटांत पीएच वर नेला. अमोनिया निम्म्यावर आला खरा, पण जो उरला त्याचं रूप पालटलं.

त्या दोघांना हे समजावून सांगणं मला फार कठीण गेलं. "म्हणजे आम्ही काहीच केलं नसतं तर तो जगला असता?" बाईंनी विचारलं. त्या दिवशी जगला असता. पुढे केव्हातरी आणखी वाईट अवस्थेत गेला असता. मी तेवढंच खरं सांगितलं. त्यानंतर मी कुठल्याही जुन्या टँकपाशी गेलो की आधी पीएच बघतो, मग अमोनिया, आणि पीएच खाली असेल तर मोठा पाणीबदल करत नाही. प्राणी टबात काढतो, तोही एकदम वेगळ्या पाण्यात नाही. जुन्या पाण्यात नवं थोडं थोडं मिसळत. टँकमध्ये रोज शेकडा दहा पाणी बदलत, पीएच सावकाश वर आणतो. दोन-तीन आठवडे लागतात. लोकांना वाटतं मी काम लांबवतोय.

मऊ पाण्याला माझा उपाय साधा आहे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा, स्वच्छ धुऊन, जाळीच्या पिशवीत बांधून, फिल्टरच्या पाण्याच्या वाटेत ठेवायचा. पाणी आम्लधर्मी व्हायला लागलं की तो जास्त विरघळतो, नसेल तेव्हा जवळजवळ तसाच राहतो. अ‍ॅक्सोलॉटलला थोडं जड पाणी मानवतंही. पिशवी वर्षभर तरी चालते. टँकर आणि नळ यांचं पाणी आलटून पालटून वापरणाऱ्या घरांत मात्र पिशवी पुरत नाही. तिथे मी एक मोठा ड्रम ठेवायला लावतो. नळाला पाणी असेल त्या दिवशी भरून ठेवायचा आणि टँकसाठी फक्त त्यातलंच वापरायचं. शहराच्या कडेच्या बोअरच्या पाण्यात कधीकधी आधीच नायट्रेट असतं, आसपासच्या शेतातल्या खतांमुळे. माणसाला लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. मी टँकमध्ये २०च्या आत ठेवू बघतो. जिथे येणारं पाणीच त्याच्या वर आहे तिथे पाणीबदल करून काय साधणार?

घराबाहेरून येणारी संकटं वेगळीच. सोसायटीची गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतात, त्याची सूचना लिफ्टपाशी लागते आणि कोणी वाचत नाही. पहिल्या जोरदार पावसात धरणाचं पाणी गढूळ होतं, तुरटी आणि क्लोरीन दोन्हींची मात्रा वाढते. क्लोरीन काढायचं औषध नेहमीइतकंच घालणाऱ्यांची जुलैत फसगत होते. आणि पावसाळ्यातली धूरफवारणी. डासांसाठीच्या धुरात पायरेथ्रॉइड वर्गातली कीटकनाशकं असू शकतात. पाण्यातल्या प्राण्यांना ती अत्यंत घातक. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीची गाडी ऐकू आली की खिडक्या लावा, पंप बंद करा, टँकवर ओला पंचा टाका, हवा साफ झाली की पंप परत सुरू करा. त्या खोलीत डासांचं लिक्विडचं यंत्रही लावू नये.

उन्हाळ्यात मी नवीन कामं घेत नाही. मार्चपासून माझे दिवस पंखे, चिलर आणि बर्फाच्या बाटल्यांत जातात. पुण्याची हवा त्या महिन्यांत कोरडी असते, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला छोटा पंखा तीन-चार अंश सहज उतरवतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तेवढा उतार मिळत नाही. पण ३१चं २७ झालं तरी अ‍ॅक्सोलॉटलचं भागत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, १८ अंशांना लिटरला साडेनऊ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात; आणि त्याच वेळी त्याचं शरीर जास्त प्राणवायू मागतं, जास्त अमोनिया सोडतं. त्या अमोनियातला मुक्त भागही उष्णतेने वाढतो. उन्हाळ्यात आजारी पडलेल्या अ‍ॅक्सोलॉटलला नेमकं काय झालंय हे म्हणूनच सांगता येत नाही, सगळंच एकदम झालेलं असतं. गोठवलेल्या बाटल्या टाकल्या की दुपारी २० आणि रात्री २८ असे हेलकावे बसतात. वीज गेली तरच मी त्या वापरतो. बाकी चिलरला पर्याय नाही. तो टँकपेक्षा महाग असतो, आवाज करतो, आणि स्वतःची गरम हवा त्याच खोलीत सोडतो, त्यामुळे खोलीत वारा खेळता लागतो. पंख्याने पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नुसतं वरून भरत राहिलं की ते साठतात.

उन्हाळ्यात पाणी सकाळी सहाच्या आसपास बदलावं. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणाऱ्या पाण्याने हात पोळतो.

खाण्याबद्दल थोडंच. गांडूळ उत्तम. पण गांडूळखताच्या प्रकल्पांतून मिळणारी लालसर गांडुळं बरेच अ‍ॅक्सोलॉटल तोंडात घेऊन थुंकतात, त्यांच्या अंगातून कडवट स्राव येतो. थुंकलेलं, अर्धवट चावलेलं गांडूळ टँकच्या कोपऱ्यात रात्रभर पडलं की सकाळी अमोनिया हजर. मी घरच्यांना लांब नळीचा ड्रॉपर देतो. खाऊ घातल्यावर अर्ध्या तासाने उरलंसुरलं उचलायचं, विष्ठा दिसेल तेव्हा उचलायची. ही दोन मिनिटांची सवय महिन्याच्या मोठ्या धुलाईपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची. फिल्टरचा स्पंज धुवायचाच असेल तर टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा हलकेच पिळायचा, आणि नळ त्याला दाखवायचा नाही.

औषधांच्या बाटल्या मात्र मला अस्वस्थ करतात. कल्ल्यांवर पांढरा कापसासारखा बुरशीचा पुंजका दिसला की लोक दुकानातून निळं औषध आणतात आणि सरळ टँकमध्ये ओततात. मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं. बुरशी जाते आणि चार दिवसांनी अमोनिया येतो. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, मॅलाकाइट ग्रीन असतं, ती या उघड्या कातडीवर घालूच नयेत. बुरशी बहुतेक वेळा खराब पाण्याच्या मागून येते. टब, थंड स्वच्छ पाणी, रोजचा बदल, एवढ्यानेच मी ती जाताना कितीतरी वेळा पाहिली आहे, आणि नंतर झडलेल्या कल्ल्यांचे झुबके परत फुटतानाही. तुटलेला पाय परत येणारा हा प्राणी. त्याला सावरण्याची शक्ती भरपूर आहे, आपण पाणी सांभाळलं तर. जखम खोल असेल, अंग लाल पडत असेल तर उभयचरांची माहिती असलेला पशुवैद्य गाठावा, आणि त्याचा नंबर प्राणी आणण्याआधी शोधून ठेवावा.

हल्ली कोणी अ‍ॅक्सोलॉटलसाठी विचारलं की मी आधी टँक लावतो आणि प्राण्याचा विषय सहा-आठ आठवडे काढत नाही. नवसागर, तीन आकडे, वही. फिल्टरशेजारी मनीप्लांटची मुळं पाण्यात सोडतो, ती नायट्रेट ओढून घेतात. या मधल्या काळात घराचा अंदाज येतो. काहींचा उत्साह तिसऱ्या आठवड्यात मावळतो. मग मी फिल्टर काढून घेऊन जातो, कोणाचं काही बिघडत नाही.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात सातवीतला मुलगा अशीच वही ठेवत होता. टँक तयार झाला, आकडे महिनाभर स्थिर राहिले, आणि मग वडिलांनी चिलरची किंमत आणि मे महिन्याचं वीजबिल मांडून दाखवलं. मुलाला वाईट वाटलं, एक-दोन दिवस तो बोलला नाही. पण निर्णय शेवटी त्यानेच घेतला. त्या टँकमध्ये आज झेब्रा डॅनिओचा थवा आहे, भारतातलेच मासे, पुण्याचा उन्हाळा त्यांना सोसतो. परवा मी तिथे गेलो तर वही उघडूनच बसला होता. "दादा, नायट्रेट तीस आलंय. मनीप्लांटची अजून एक काडी लावू?"

"लाव," मी म्हटलं. "आणि उद्या सकाळी, टाकी तापायच्या आत, पाव टँक पाणी बदल. बाटली हलवली होतीस ना?"

"अर्धा मिनिट. घड्याळ लावून."